पोर्ट-संग्रहातील वर्णन-माहितीची मांडणी : नंदुरबारच्या भाषांच्या निमित्ताने

पुस्तकाची जागा आणि पुस्तकाची ओळख या दोन भिन्न गोष्टी होत, हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी राहते. परंतु सूचीच्या खणांत त्याची पत्रके लेखकाच्या, शीर्षकाच्या आणि विषयाच्या नावाखाली हवी तितकी लावता येतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे जे प्रचंड संग्रह गेल्या तीसएक वर्षांत उभे राहिले, त्यांच्या चालकांपुढे नेमका हाच प्रश्न आला आणि त्यांनी तो बहुधा ग्रंथपालांना न विचारताच आपापल्या परीने सोडविला. त्या सोडवणुकीत काय साधले आणि काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुख्य उदाहरण म्हणून फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीचा पोर्ट-संग्रह घेतला आहे. तो या जातीच्या संग्रहांत आद्य म्हणावा असा आहे आणि त्याचे नियम छापील पुस्तिकेसारखे स्पष्ट लिहून ठेवलेले आहेत.

नंदुरबारचा संबंध कोठे येतो, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. नवापूरकडे मावची, धडगावच्या डोंगरांत पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली आणि वसावी, शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, शाळेत व कचेरीत मराठी, आणि सीमेपलीकडे एका बाजूस गुजराती तर दुसऱ्या बाजूस निमाडी, असा येथील भाषाव्यवहार आहे. समजा, या भागातील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी पावरी गीतांचे संकलन करून त्यांची शब्दसूची संगणकावर रचू पाहतो. त्याला देवनागरी फॉन्ट लागेल, टंकनासाठी कळफलक लागेल, शब्द अनुक्रमाने लावण्याची सोय लागेल, आणि जमल्यास शुद्धलेखन तपासण्याचे साधनही लागेल. यांपैकी बहुतेक साधने मुक्तस्रोत संग्रहांत विनामूल्य उपलब्ध आहेत. ती त्या विद्यार्थ्याला सापडतील काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर साधनांच्या गुणवत्तेवर नव्हे, तर त्यांच्याविषयी लिहिलेल्या दोन-चार ओळींवर अवलंबून आहे.

पोर्ट म्हणजे काय

परक्या ठिकाणी तयार झालेले सॉफ्टवेअर आपल्या प्रणालीवर उतरवून घेण्याची जी कृती, तिचे लिखित टिपण म्हणजे पोर्ट. पाककृतीच्या टिपणात पदार्थ नसतो, तो करण्याची रीत असते. तद्वत पोर्टमध्ये मूळ सॉफ्टवेअर नसते. ते कोठून आणावयाचे, त्यात कोणते फेरफार करावयाचे, आधी आणखी काय काय लागेल आणि शेवटी कोणत्या फायली कोठे ठेवावयाच्या, एवढेच त्यात असते. या टिपणाबरहुकूम जे तयार होते ते पॅकेज. जॉर्डन हबर्ड यांनी १९९३ साली पॅकेजे बसविण्याची साधने आणि १९९४च्या ऑगस्टमध्ये पोर्ट रचण्याची सूत्रे फ्रीबीएसडीच्या भांडारात दाखल केली. पुढे नेटबीएसडीने १९९७ साली हीच कल्पना घेऊन आपला पॅकेज-स्रोत हा संग्रह काढला. मॅकिंटॉशसाठी २००२ साली डार्विनपोर्ट्स या नावाने सुरू झालेला आणि आज मॅकपोर्ट्स या नावाने चालणारा संग्रह याच कुळातला. फ्रीबीएसडीच्या संग्रहात आज तीस हजारांहून अधिक पोर्ट आहेत.

प्रत्येक पोर्ट ही एक छोटी निर्देशिका असते. तिच्यात मेकफाइल नावाची मुख्य फाइल, मूळ सॉफ्टवेअरच्या खरेपणाची खूण पटविणारी दुसरी, दीर्घ वर्णनाची तिसरी आणि बसविल्या जाणाऱ्या फायलींची यादी देणारी चौथी, अशी साधारण मांडणी असते. मेकफाइलमध्ये पोर्टचे नाव, आवृत्ती, विषयवर्ग, सांभाळ करणाऱ्याचा पत्ता, परवाना आणि एका ओळीतील वर्णन ही माहिती ठरावीक नावांच्या चलांत भरलेली असते. सॉफ्टवेअरविषयीच्या या सर्व माहितीला येथे वर्णन-माहिती म्हटले आहे.

या वर्णन-माहितीचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे. प्रारंभी एका ओळीचे वर्णन, दीर्घ वर्णन आणि फायलींची यादी या तीन गोष्टी तीन वेगळ्या फायलींत, आणि त्याही एका स्वतंत्र उपनिर्देशिकेत ठेवीत असत. २००० साली ती उपनिर्देशिका काढून टाकण्यात आली. २००३ साली एका ओळीचे वर्णन स्वतःची फाइल सोडून मेकफाइलमध्ये आले. मूळ प्रकल्पाचे संकेतस्थळ सांगणारी ओळ त्यानंतरही कित्येक वर्षे दीर्घ वर्णनाच्या तळाशी लिहिली जात होती. ती २०२२ साली मेकफाइलमध्ये हलविण्यात आली. म्हणजे ज्या ज्या माहितीला निश्चित आकार देता आला, ती ती हळूहळू यंत्राला सहज वाचता येईल अशा एका जागी गोळा होत गेली. दीर्घ वर्णन मात्र मोकळ्या गद्यात, आपल्या जुन्या फाइलीत, तसेच राहिले. त्याच्यावर नियमांची देखरेख नाममात्र आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्वांत मोलाची माहिती नेमकी तेथेच असावयास हवी होती.

एक जागा आणि अनेक वर्ग

संग्रहातील निर्देशिकांची रचना विषयवार आहे. शब्दसंस्कारासाठी एक वर्ग, फॉन्टसाठी एक, सॉफ्टवेअर-विकासाच्या साधनांसाठी एक, खगोलशास्त्रासाठी एक, अशी ती चालते. प्रत्येक पोर्टला एकाहून अधिक वर्ग लावता येतात. परंतु त्यांपैकी पहिला वर्ग हा त्याचा प्रत्यक्ष निवास असतो, आणि निर्देशिकेचे स्थान त्यावरून ठरते. याशिवाय काही वर्ग केवळ सूचीपुरते आहेत. त्यांच्या नावाची निर्देशिका नसते. पायथन भाषेत लिहिलेली साधने किंवा भूगोलविषयक साधने ही विविध ठिकाणी राहतात आणि त्या नावाचा दुसरा वर्ग अंगावर वागवितात. फळी आणि पत्रक यांतला भेद येथे अगदी स्वच्छ उतरला आहे, हे मान्य केले पाहिजे. निवास बदलला तर त्याची नोंद एका स्वतंत्र फाइलीत जुने स्थान, नवे स्थान, दिनांक आणि कारण अशा चार रकान्यांत ठेवतात. आपल्या सूचीतील ‘पाहा’ पत्रकाचेच हे काम. कोठेही न बसणाऱ्या वस्तूंसाठी ‘संकीर्ण’ हा वर्गही आहे. पण नियमपुस्तिका तेथे पोर्ट ठेवण्याआधी अन्य वर्ग शोधावा असे बजावते, कारण संकीर्णात गेलेल्या वस्तूकडे कोणाचे लक्ष जात नाही. हा अनुभव प्रत्येक ग्रंथपालाचा आहे.

या वर्गांत भाषांचेही वर्ग आहेत: अरबी, चिनी, जपानी, कोरियन, हिब्रू, रशियन, युक्रेनियन, व्हिएतनामी, जर्मन, फ्रेंच इत्यादी. भारतीय भाषांपैकी एकीचाही वर्ग त्यांत नाही. हे वाचून आपल्याकडील वाचकाच्या मनात प्रथम उपेक्षेची शंका येईल. आमच्या मते कारण निराळे आहे. १९९०च्या दशकात जपानी लेखन संगणकावर चालवावयाचे तर दोन-तीन परस्परविरोधी संकेतावल्या सांभाळाव्या लागत, आणि त्यासाठी एकाच संपादकाची किंवा पत्रवाचकाची खास जपानी दुरुस्त आवृत्ती करावी लागे. अशा दुरुस्त आवृत्त्यांची संख्या वाढली आणि त्यांना वेगळी निर्देशिका मिळाली. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत झाला असला, तरी मुक्तस्रोत प्रणालींत ती खऱ्या अर्थाने वापरात आली ती युनिकोड सर्वत्र स्थिरावल्यानंतर. तेव्हा प्रत्येक साधनाची खास मराठी आवृत्ती काढण्याचे प्रयोजनच उरले नव्हते. म्हणून मराठीची निर्देशिका झाली नाही.

मग आता तरी तशी मागणी करावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. देवनागरीतील एखादा फॉन्ट मराठीला, अहिराणीला, पावरीला, हिंदीला आणि नेपाळीला सारखाच उपयोगी असतो. त्याला मराठीच्या निर्देशिकेत निवास दिला तर तो फॉन्टच्या वर्गातून हलेल आणि इतरांना दुरावेल. एकाच निवासाची सक्ती असलेल्या रचनेत भाषेला निवास बनविणे म्हणजे बहुभाषिक प्रदेशावर एक भाषा लादणे होय. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर याची प्रचीती कोणासही येईल.

या जिल्ह्याच्या भाषांना निवास देण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत, आणि प्रत्येक वेळी भिंती निराळ्या जागी उभ्या राहिल्या आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी मात्र त्यात नाही, ती १९०७ सालच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषांच्या शेजारी बसविलेली आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा असून अहिराणी तिच्या पोटात येते. आणि ‘भिली अथवा भिलोडी’ या शीर्षकाखाली पावरी, मावची, वसावा आणि कोकणाही एकत्र मोजल्या आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत भिलीला एक, मावचीला दुसरा, वसावीला तिसरा, खानदेशीला चौथा आणि अहिराणीला पाचवा संकेत आहे. या तिन्ही याद्यांपैकी कोणती बरोबर, हा भाषाशास्त्राचा प्रश्न येथे सोडवावयाचा नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जो कोणी फक्त वर्गावर विसंबून शोध घेईल, त्याचा शोध त्या वर्गाच्या कर्त्याच्या मताने बांधला जाईल. वर्णनातील मोकळ्या शब्दांना तसे बंधन नसते. त्यांत भिलीही लिहिता येते, पावरीही लिहिता येते.

संकेतांचा आणखी एक तांत्रिक पैलू येथेच नोंदवितो. विशिष्ट भाषेपुरत्या पोर्टच्या नावाआधी त्या भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत जोडण्याची फ्रीबीएसडीत पद्धत आहे. मराठीसाठी ‘एम-आर’ हा दोन अक्षरी संकेत असल्यामुळे ॲस्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाचा मराठी शब्दकोश शब्दसंस्काराच्या वर्गात त्या उपसर्गानिशी उभा आहे. भिलीला दोन अक्षरी संकेत नाही. ‘बी-एच’ हा संकेत भिलीचा असावा असे वाटते खरे, पण तो बिहारी भाषासमूहाला दिला गेला होता. भिलीचा संकेत ‘बी-एच-बी’ असा तीन अक्षरी आहे. लिनक्स प्रणालींच्या पायाभूत ग्रंथालयात याच तीन अक्षरांच्या नावाने भिलीचे स्थानिक-संकेत, म्हणजे दिनांक, वारांची नावे, शब्दांचा अनुक्रम इत्यादींचा तपशील, समाविष्ट आहे. पण जो या तीन अक्षरांशी परिचित नाही, त्याला ते तेथे आहे हे कळण्याचा मार्ग नाही.

सत्तर अक्षरांची ओळ

आता एका ओळीच्या वर्णनाकडे वळू. नियमपुस्तिका सांगते की, ही ओळ सत्तर अक्षरांच्या आत असावी. तीत पॅकेजचे नाव किंवा आवृत्ती पुन्हा लिहू नये. तिची सुरुवात मोठ्या रोमन अक्षराने व्हावी, पण अनिश्चित उपपदाने होऊ नये. आणि शेवटी पूर्णविराम देऊ नये. डेबियन या लिनक्स-परिवाराचे नियमही जवळजवळ असेच आहेत. नियम चांगले आहेत. ते जागा वाचवितात आणि यादी डोळ्यांखालून झरझर घालण्याजोगी करतात. मात्र ओळ कोणासाठी लिहावी, हे ते सांगत नाहीत. साधनाचे नाव आधीच ठाऊक असलेल्या माणसाला ओळ नसली तरी चालते. ओळ लागते ती गरज ठाऊक असलेल्या पण नाव ठाऊक नसलेल्या माणसाला. बहुसंख्य ओळी पहिल्यासाठी लिहिल्या जातात, कारण लिहिणारा स्वतः पहिला असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल, आणि ते उदाहरण आपल्या विद्यार्थ्याच्या थेट उपयोगाचे आहे. जपानमध्ये विकसित झालेले बहुभाषिक लेखनाचे एक ग्रंथालय ‘एम१७एन’ या नावाने ओळखले जाते. बहुभाषीकरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील पहिले अक्षर, मधल्या सतरा अक्षरांची संख्या आणि शेवटचे अक्षर, अशी या नावाची घडण आहे. या ग्रंथालयासोबत येणाऱ्या माहिती-पॅकेजात निरनिराळ्या भाषांचे कळफलक असतात. मराठीचे त्यात इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन असे एकाहून अधिक कळफलक आहेत. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या कोणत्याही बोलीचे टंकन त्यांवर करता येते. आता हे पॅकेज फ्रीबीएसडीत कोठे राहते? सॉफ्टवेअर-विकासाच्या साधनांच्या वर्गात. त्याचे नाव सांकेतिक. त्याच्या ओळीचा आशय एवढाच की, ही त्या ग्रंथालयाची माहिती आहे. मराठी हा शब्द नावात नाही, वर्गात नाही, ओळीत नाही. विद्यार्थी ‘मराठी’ असे शोधील, त्याला शब्दकोश मिळेल आणि कळफलक नाही असे तो समजेल.

यात विशेष खेदाची गोष्ट अशी की, संग्रहाला हे ठाऊक असते. पॅकेजाने बसविल्या जाणाऱ्या फायलींच्या यादीत मराठीच्या संकेताने सुरू होणारी कळफलकांची नावे ओळीने असतात. म्हणजे तथ्य नोंदलेले आहे, पण ते ज्या रकान्यात नोंदले आहे तो रकाना शोधाच्या वाटेवर नाही. संग्रहाच्या मूळ अनुक्रमणिकेत प्रत्येक पोर्टसाठी उभ्या रेघांनी तोडलेले तेरा रकाने असतात: नाव, स्थान, एका ओळीचे वर्णन, सांभाळकर्ता, वर्ग, अवलंबने, संकेतस्थळ वगैरे. दीर्घ वर्णनाच्या रकान्यात मात्र वर्णन नसून ते ज्या फाइलीत आहे तिचा पत्ता असतो. अनुक्रमणिकेवरून शोध घेणाऱ्यास दीर्घ वर्णन दिसतच नाही. अलीकडील पॅकेज-व्यवस्थापकात दीर्घ वर्णनातही शोध घेण्याची सोय आहे. तथापि त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि काही न सांगता शोध घेतल्यास तो केवळ नावांत होतो. डेबियनचा शोध नावे आणि दीर्घ वर्णने दोन्ही पाहतो. एवढ्या एका फरकाने तेच सॉफ्टवेअर एका संग्रहात सापडते आणि दुसऱ्यात दडून राहते.

फॉन्टच्या बाबतीत अडचण उलट स्वरूपाची आहे. तेथे वर्णन असते, पण ते लिपीचे असते, भाषेचे नसते. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांसाठी लोहित हे फॉन्ट मुक्त केले. डेबियनमध्ये आज लोहित देवनागरी आणि लोहित मराठी अशी दोन निराळी पॅकेजे आहेत. लिपी एक असता दोन कशासाठी, असे एखादा विचारील. मराठीतील ल आणि श यांचे वळण हिंदीतील वळणाहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरविली, तेव्हा या वळणांचा विचार त्यात झाला होता. शिवाय ‘ऱ्या’मधील अर्धा र आणि ‘ॲ’ हे चिन्ह मराठीला हवे असते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टात ते असेलच असे नाही. तेव्हा ‘देवनागरी फॉन्ट’ एवढ्या वर्णनावरून मराठी वाचकाला काहीच निश्चित कळत नाही. उलट ‘मराठी फॉन्ट’ एवढेच लिहिले तर पावरीसाठी तोच फॉन्ट चालेल हे पावरीच्या अभ्यासकाला कळत नाही. लिपीचे नाव, भाषांची नावे आणि कोणती चिन्हे आहेत याचा निर्देश, ही तिन्ही एकत्र आली तरच वर्णन कामाचे होते. सत्तर अक्षरांत ती मावणार नाहीत. दीर्घ वर्णनात ती सहज मावतात.

रंगनाथन यांची पैलू-पद्धती

या ठिकाणी आपल्याच देशातील एका विचाराचे स्मरण अपरिहार्य आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. विषयाला एका तयार कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, देश आणि काल असे पैलू पाडावे आणि त्यांच्या संयोगातून त्याचे स्थान वर्णावे, हा त्यातील गाभा. डेबियन प्रकल्पातील एन्रिको झिनी यांनी पुढे डेबटॅग्ज नावाची जी योजना उभी केली, तिने हीच पैलू-पद्धती सॉफ्टवेअरला लावली, आणि रंगनाथन यांच्या ऋणाचा निर्देशही केला. पॅकेजाची भूमिका, त्याचा उपयोग, ते कोणत्या प्रकारच्या सामग्रीवर चालते, त्याचा दर्शनी भाग कसा आहे, ते कोणत्या संगणकभाषेत लिहिले आहे, आणि ते कोणत्या संस्कृतीच्या वा भाषेच्या उपयोगाचे आहे, असे त्यात वेगवेगळे पैलू आहेत. पैलू आणि त्याचे मूल्य यांच्यामध्ये दोन द्विबिंदू लिहितात. हा योगायोग असो वा नसो, ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो पाहून मौज वाटल्यावाचून राहणार नाही.

योजना सुंदर आहे. तिचा फायदा मात्र अर्धाच झाला. पैलू लावण्याचे काम पॅकेजाच्या सांभाळकर्त्यावर बंधनकारक नव्हते, स्वयंसेवकांवर सोपविलेले होते. त्यामुळे लोकप्रिय पॅकेजांचे पैलू नीट भरले गेले आणि अल्पपरिचित पॅकेजांचे रिकामे राहिले. ज्यांना वर्णनाची गरज सर्वाधिक, त्यांचेच वर्णन सर्वांत तोकडे, अशी ही स्थिती. याच्या तुलनेत फ्रीबीएसडीच्या सूचीपुरत्या वर्गांची कल्पना ओबडधोबड खरी, परंतु ती पोर्टच्या मेकफाइलमध्येच असल्यामुळे पोर्टबरोबर जगते आणि पोर्टबरोबर तपासली जाते. आमच्या मते वर्णन-माहिती वस्तूच्या जितकी जवळ ठेवावी तितकी ती टिकते.

मराठीतून वर्णन

वर्णन इंग्रजीत असते, ही आणखी एक भिंत. २०१० साली २९ सप्टेंबर रोजी आधार क्रमांकांचे देशातील पहिले वाटप नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. त्या पत्रिकेवर ओळख पटविण्यास बारा अंक पुरेसे होते; तरीही नाव-गाव इंग्रजीत आणि मराठीत अशा दोन्ही लिप्यांत छापले गेले. अंक यंत्रासाठी, नाव माणसासाठी. सॉफ्टवेअर-संग्रहांत यंत्रासाठीचे नाव आहे. माणसासाठीचे वर्णन मात्र अद्याप एकाच भाषेत आहे. डेबियनमध्ये पॅकेजांच्या वर्णनांचे भाषांतर करण्याचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि भाषांतरे भाषावार वेगळ्या फायलींत वाटली जातात. फ्रीबीएसडीच्या पोर्टमध्ये भाषांतरित वर्णनासाठी अशी सर्वमान्य जागा योजलेली नाही. अलीकडे ॲपस्ट्रीम नावाच्या मानकात मूळ सॉफ्टवेअरच्या कर्त्यानेच वर्णन, शोधशब्द आणि समर्थित भाषा एका फाइलीत द्याव्या, आणि प्रत्येक मजकुरास भाषेची खूण लावून अनेक भाषांत द्याव्या, अशी तरतूद आहे. ही दिशा आम्हांला अधिक आशादायक वाटते, कारण तेथे एकदा केलेले मराठी वर्णन सर्व संग्रहांच्या उपयोगी पडते.

मराठी वर्णन लिहिताना एक बारीक अडचण येते. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णास वा मात्रेस युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन लागतात. ज्या साधनाने लांबी बाइटांत मोजली, त्याला चोवीस वर्ण-मात्रांची मराठी ओळ सत्तरच्या पलीकडे गेलेली दिसेल. जोडाक्षरातील हलन्तही वेगळा मोजला जातो, हे लक्षात घेता ‘शुद्धलेखन’ या एकाच शब्दाचे सत्तावीस बाइट भरतात. म्हणून मर्यादा अक्षरांत मोजावी की पडद्यावरील रुंदीत, हे नियमात स्पष्ट असले पाहिजे.

वर्णनांची ही उणीव भरून काढण्यास मोठा निधी वा प्रयोगशाळा लागत नाही. पोर्टच्या मेकफाइलमध्ये सांभाळकर्त्याचा पत्ता असतो. ज्याला सांभाळकर्ता नाही, तेथे संग्रहाच्या सामायिक टपालयादीचा पत्ता असतो. दुरुस्तीचा मसुदा प्रकल्पाच्या तक्रार-नोंदवहीत दाखल करता येतो, आणि सांभाळकर्त्याने दोन आठवड्यांत उत्तर दिले नाही तर अधिकार असलेला अन्य सदस्य त्यावर निर्णय घेऊ शकतो. मसुदा कसा असावा, याचा नमुना म्हणून वर उल्लेखिलेल्या कळफलक-पॅकेजाच्या दीर्घ वर्णनात पुढील आशयाचे दोन वाक्यांचे कलम घालता येईल: या पॅकेजात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन हे कळफलक आहेत, देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अहिराणी, भिली, पावरी, मावची इत्यादी भाषांच्या टंकनासही ते वापरता येतात. रोमन लिपीत या भाषांची नावे एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. जनगणनेच्या तक्त्यातील पावरीचे लेखन आणि आंतरराष्ट्रीय संकेतयादीतील तिचे लेखन सारखे नाही. त्यामुळे इंग्रजी मसुद्यात निदान ही दोन्ही लेखने यावीत, आणि शक्य तेथे तीन अक्षरी संकेतही द्यावा.